क्रीटच्या वाळूतल्या चपला

१

बाजीराव अहिवळ्यांची बॅग रविवारी सकाळी पळसदेवला घरी आली. बाजीराव आले नाहीत.

बॅग घेऊन आला होता पुष्कर, बारामतीच्या 'दिगंत टूर्स'चा मालक. वय तिशीतलं, अंगात इस्त्रीचा शर्ट, डोळे मात्र तांबारलेले. त्यानं बॅग ओसरीत ठेवली आणि चतुराबाईंच्या पाया पडला.

"काकी, समुद्रापुढं कुणाचं चालत नाही हो."

बाजीराव जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. बारामतीत बँकेत असलेल्या त्यांच्या मुलानं, रविंद्रनं, आईवडिलांना परदेश दाखवायचा म्हणून दोघांचीही नावं टूरमध्ये घातली होती. ग्रीसचं क्रीट बेट. भूमध्य समुद्र, निळं पाणी, किनाऱ्यावरचं हॉटेल. व्हिसे आले आणि ऐन वेळी चतुराबाईंचा गुडघा धरला. मास्तर एकटेच गेले.

पुष्करनं सांगितलं ते असं. गुरुवारी पहाटे मास्तर एकटेच हॉटेलसमोरच्या समुद्रावर गेले. नाश्त्याला आले नाहीत म्हणून शोधलं, तर वाळूत त्यांच्या चपला आणि टॉवेल. बोटी फिरल्या, पाणबुडे उतरले. शनिवारी बाकीच्यांना घेऊन परत यावंच लागलं.

"आता तिथले पोलीस विचारतात, शोध थांबवायचा का," पुष्कर खाली बघत म्हणाला. त्यानं एक कागद रविंद्रच्या पुढं केला. "घरच्यांना मान्य आहे की ते बुडाले, एवढंच लिहिलंय."

रविंद्रनं पेन काढलं.

"थांब," चतुराबाई म्हणाल्या.

इतका वेळ त्या गप्प बॅग उपसत होत्या. घडीचे शर्ट, धोतर, मोबाईल, दाढीचं सामान, वाळू लागलेल्या रबरी चपला. सगळं फरशीवर मांडून झाल्यावर त्यांनी रिकाम्या बॅगेत पुन्हा हात फिरवला.

"मास्तरांचं बूट कुठं हायत?"

२

विनया लोंढे इंदापूरच्या कोर्टात फौजदारी वकिली करते. कॉलेजची दोन वर्षं ती अहिवळ्यांच्याच घरात राहून शिकली होती आणि रविंद्रसारखीच मास्तरांना आबा म्हणायची. रविंद्रचा फोन आला तेव्हा ती हातातला चहा अर्धा सोडून उठली आणि तशीच पळसदेवला आली.

पुष्कर गेला होता. कागद सहीविनाच पडून होता.

"काकी, बुटांचं नीट सांगा."

"साखरंमुळं त्यांच्या तळव्याला कळतच न्हाय काय. काटा मोडला तरी समजत न्हाय. डॉक्टर म्हनले, अनवानी पाय टाकायचा न्हाय. म्हनून जाड तळाचं बूट घेतलं. चपला निस्त्या खोलीत घालायला."

"आई, समुद्र हॉटेलच्या समोर होता," रविंद्र म्हणाला. "तेवढ्यापुरत्या चपला घातल्या असतील. तुला आशा सोडवत नाही, मला कळतंय, पण..."

"चपला घालून गेले असतील, तर बूट बॅगेत पाहिजेत," विनया म्हणाली. "बूट पायात असतील, तर चपला वाळूत कशा गेल्या?"

रविंद्रनं तो कागद बाजूला सारला.

विनया खाली बसली आणि एकेक वस्तू हातात घेऊन पाहू लागली. मास्तरांचा राखाडी स्वेटरही नव्हता. पोहायला जाणारा माणूस स्वेटर आणि बूट घालून पाण्यात शिरत नाही. दाढीच्या सामानात तिला गोळ्यांची डबी सापडली. प्रत्येक वाराचे दोन खण, सकाळचा आणि रात्रीचा.

"ही कुणी भरली?"

"मीच. रोजच्या रोज घ्या म्हनून. फोनवर इचारायची बी. बुधवारी रात्री फोन उचलला न्हाय."

विनयानं खण उघडले. सोमवार रिकामा, मंगळवार रिकामा. बुधवार सकाळ रिकामी. बुधवार रात्र उघडली आणि तिनं डबी रविंद्रपुढं धरली. दोन गोळ्या तशाच होत्या.

"आबा गोळी चुकवायचे का?"

"मरतील पन चुकवनार न्हाईत," चतुराबाई म्हणाल्या आणि आपणच काय बोललो ते ऐकून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"म्हणजे गुरुवारी पहाटे ते समुद्रावर गेलेच नाहीत," विनया उठत म्हणाली. "बुधवारी रात्रीच ते खोलीत नव्हते. आणि असं असेल, तर कुणीतरी सांगतंय ते खोटं आहे."

३

मास्तरांचा खोलीतला जोडीदार होता पणदऱ्याचा राम. मोठा गोठा असलेला, गळ्यात तुळशीची माळ, बोलायला भला माणूस. विनया आणि रविंद्र पोचले तेव्हा तो गव्हाणीत चारा टाकत होता. रविंद्रला बघताच त्याच्या हातातली पेंढी खाली पडली.

"रामभाऊ, आबा गुरुवारी किती वाजता उठले?" विनयानं साधेपणानं विचारलं.

"आंधारच व्हता. मी जागाच व्हतो. म्हनले, आंघोळ करून येतो समुद्रात. टावेल घेतला, चपला घातल्या, गेले."

"दिवा लावला होता?"

"न्हाय. मला तरास नको म्हनून."

"अंधारात तुम्हाला चपला दिसल्या?"

पेंढी उचलत राम म्हणाला, "पुष्कर म्हनला ना नंतर. चपलाच सापडल्या की."

"ते राहू द्या. बुधवारी दिवसभर कुठं होता?"

"डोंगरात गेलतो. आत, लांब. दगडी घरांचं गाव हाय तिकडं, सगळी म्हातारी मानसं. ऑलिवचं तेल काढत्यात, वाईन करत्यात."

रविंद्रनं मान वर केली. "हे तर कार्यक्रमात नव्हतंच. सगळे दिवस किनाऱ्यावरचेच होते."

"पुष्करनंच ठरवलं ऐन वक्ताला. तितल्या एकाच्या दोन गाड्या बघितल्या."

"परत येताना आबा तुमच्या शेजारी होते?"

"न्हाय, मी पुढच्या गाडीत. ते मागच्या गाडीत व्हते."

"तुम्ही पाहिलं चढताना?"

एक गाय हंबरली, तिच्याकडं जायचं निमित्त करून राम वळला. विनया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"रामभाऊ, रवी कागदावर सही करायला निघाला होता, आबा बुडाले म्हणून. सही झाली की शोध बंद. आबा कुठंतरी जिवंत असतील तर तुमच्या एका शब्दावर मरतील."

रामनं गळ्यातली माळ मुठीत धरली.

"ताई, मी तितं प्यालो. आयुष्यात पयल्यांदा. गाडीत कसा बसलो, खोलीत कसा आलो, काय बी आठवत न्हाय. सकाळी पुष्करनंच उठवला. म्हनला, मास्तर पहाटं गेलं, तुमी बघितलंच आसंल. मी व्हय म्हनलो. न्हाय म्हनलो आस्तो तर कसा झोपला व्हता ते सांगावं लागलं आस्तं." तो खाली बसला. "मी त्यास्नी बघितलंच न्हाय. गावातनं निघाल्यापासनं बघितलंच न्हाय."

४

मागच्या गाडीत कन्हेरीची पूर्वी होती. नवं लग्न झालेली, नवऱ्याबरोबर गेलेली. तिनं दार उघडलं आणि रविंद्रला पाहून रडायलाच लागली.

"आबा तुमच्या गाडीत होते?" विनयानं विचारलं.

"नाही. ते पुढच्या गाडीत होते."

"पुढच्या गाडीतले म्हणतात, ते मागच्या गाडीत होते."

तिचं रडणं थांबलं. तिनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, आणि काय झालंय ते तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरताना दिसलं.

"म्हणजे ते तिथंच..."

"फोटो दाखव. बुधवारचे सगळे."

पूर्वीनं मोबाईल पुढं केला. उतारावरची ऑलिव्हची झाडं. काळे कपडे घालून दारात बसलेल्या म्हाताऱ्या. चौकातल्या मोठ्या झाडाखाली टेबलं. रात्री हॉटेलातल्या जेवणाचा फोटो होता, पण त्यात मास्तर नव्हते. त्यांचा शेवटचा फोटो दुपारचा. राखाडी स्वेटर, जाड बूट, पाठमोरे, गावाच्या कडेच्या कठड्यावर हात ठेवून खाली बघणारे.

"खाली काय आहे?"

पूर्वीनं फोटो मोठा केला. खाली दरीत धरण होतं. पाणी ओसरलेलं, आणि गाळातून वर आलेल्या भिंती, मोडके दरवाजे, एका चर्चचा मनोरा.

"धरणात गेलेलं गाव आहे. आबा तिथून हलेचनात. मला म्हणाले, पोरी, आमचं जुनं पळसदेव असंच गेलं. आमच्या वस्तीतली घरं तर देवळाच्याही आधी बुडाली. देऊळ दिसतं अजून, आमची घरं कुणी बघायला येत नाही. मग म्हणाले, खाली जाऊन बघतो. मी म्हटलं, आबा, गाड्या निघतील. तर म्हणाले, थोडा वेळ आहे." तिनं ओठ घट्ट मिटले. "मी पुष्करदादाला सांगायला पाहिजे होतं. विसरले मी. दुकानात तेलाच्या बाटल्या बघत बसले."

विनया फोटो पुढं सरकवत होती. एका फोटोत उतारावर काम करणारी माणसं होती. सावळी, मळक्या कपड्यांतली.

"हे कोण?"

"मजूर. पाकिस्तान, बांगलादेशातले. एकजण आमच्याशी हिंदीत बोलला. बऱ्याच जणांकडं कागद नसतात म्हणे, पोलिसांना घाबरून राहतात."

विनयानं तो फोटो स्वतःच्या मोबाईलवर घेतला. मग रविंद्रकडं वळून म्हणाली, "चल. आता पुष्कर."

५

पुष्करच्या ऑफिसच्या भिंतीवर निळ्या समुद्राचं मोठं चित्र होतं. त्याखाली तो एकटाच बसला होता. विनयानं दार लावून घेतलं.

"आबांच्या खोलीची दुसरी किल्ली तुझ्याकडं होती," ती बसायच्या आतच म्हणाली. "राम दारू पिऊन पडला होता. चपला आणि टॉवेल तूच नेलास. आबांनी बूट घातले होते, म्हणून तुला चपलाच मिळाल्या. रात्रीच्या गोळ्या डबीत तशाच राहिल्या, त्या तुझ्या लक्षातच आल्या नाहीत. पुढची गाडी म्हणाली मागच्या गाडीत, मागची म्हणाली पुढच्या. तू मोजलंच नाहीस. हॉटेलात आल्यावर कळलं. बरोबर?"

पुष्करनं टेबलाची कडा धरली. मग त्याचे खांदे पडले.

"गाड्यांना परवाना नव्हता. ड्रायव्हरही तसाच. माणूस डोंगरात हरवला म्हटलं असतं तर मला तिथंच आत टाकलं असतं, बाकीचे अडकले असते. समुद्रात कुणीही बुडतं. त्यात कुणाची चूक नसते."

रविंद्र झेपावला आणि त्यानं त्याची कॉलर धरली. "माझा बाप डोंगरात पडलाय आणि तू बोटी फिरवत होतास?"

"मी गेलो होतो!" पुष्कर ओरडला. "त्याच रात्री गाडी घेऊन परत गेलो. हाका मारल्या, सगळं गाव पालथं घातलं. नव्हते तिथं! शपथ घेतो. मला वाटलं, ते गेलेच."

विनयानं रविंद्रचा हात सोडवला. पुष्कर तोंड झाकून रडत होता. ते रडणं खरं होतं, एवढं तिला दिसत होतं.

"गावाचं नाव लिही," ती म्हणाली. "ड्रायव्हरचा नंबरही."

बाहेर आल्यावर रविंद्र पायरीवर बसला. "चार रात्री, विनया. त्या थंडीत. गोळ्या नाहीत, खायला नाही. आता काय राहिलं असेल?"

तिनं त्याला हाताला धरून उठवलं.

६

दुसऱ्या दिवशी विनयाच्या घरी बसून दोघं फोन लावत राहिले. दूतावासातल्या माणसानं किनाऱ्यावरच्या पोलिसांना विचारलं. ते म्हणाले, आमच्याकडं बुडालेल्या पर्यटकाची नोंद आहे. डोंगरातल्या चौकीला विचारलं. ते म्हणाले, आमच्या भागात कुणी पर्यटक हरवलेला नाही.

विनयानं मजुरांचा फोटो पुन्हा उघडला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"रवी, आबांच्या खिशात काय होतं? पासपोर्ट पुष्करकडं. फोन?"

"बॅगेत मिळाला. चार्जिंगला लावून गेले होते."

"मग तिथं पडलेला, सावळा, बुटांवर चिखल असलेला म्हातारा कुणाला सापडला, तर तो त्याला काय समजेल?"

रविंद्रनं तिच्याकडं पाहिलं.

"आपण पर्यटक शोधतोय," ती म्हणाली. "मजूर शोधायला पाहिजे."

दूतावासातल्या माणसाला तिनं पुन्हा फोन लावला आणि वेगळा प्रश्न विचारायला लावला. बेटाच्या आतल्या भागातल्या दवाखान्यांत, बुधवारनंतर, नाव न सांगणारा आशियाई मजूर कुणी आलाय का?

वाट बघण्यात दुपार गेली. मग फोन आला. धरणाच्या पलीकडच्या लहान शहरातल्या सरकारी दवाखान्यात एक माणूस होता. शुक्रवारी सकाळी कुणीतरी त्याला दारात आणून ठेवलं होतं आणि पळून गेलं होतं. मजूरच कुणी असावा, पोलिसांच्या भीतीनं थांबला नसावा. माणूस बोलू शकत नव्हता. कुठला ते कळत नव्हतं. दवाखान्यात साफसफाईला येणाऱ्या एका पाकिस्तानी बाईला बोलावलं होतं, पण त्याच्या हातावरची गोंदलेली अक्षरं तिलाही वाचता आली नाहीत.

"फोटो पाठवा म्हणावं," विनया म्हणाली.

फोटो आला. सुकलेला, सुया टोचलेला हात. मनगटाच्या वर निळी अक्षरं, वयानं पसरलेली, तरी वाचता येणारी. जय भीम.

रविंद्रनं मोबाईल कपाळाला लावला आणि मोठ्यानं रडला.

७

ग्रीसचा चालू व्हिसा घरात फक्त चतुराबाईंकडं होता. त्या जन्मात विमानात बसल्या नव्हत्या, गुडघा सुजलेला होता.

"मी जाते," त्या म्हणाल्या. "खुर्चीत घालून न्या न्हायतर उचलून न्या."

टूरवर गेलेल्या पूर्वीकडंही पुन्हा जाता येईल असा चालू व्हिसा होता. तिनं नवऱ्याला विचारलं नाही, फक्त सांगितलं आणि बॅग भरली.

विमानतळावरून गाडी निघाली तशी हॉटेलं मागं पडली. समुद्र मागं पडला. रस्ता डोंगरात शिरला. उघडी खडकाळ जमीन, काटेरी झुडपं, शेरडांचे कळप, दगडी बांधांमागं ऑलिव्ह. मध्येच वळणावर खाली धरण दिसलं आणि त्यातला मनोरा. पूर्वीनं बोट केलं नाही, पण चतुराबाईंनी पाहिलं.

"हितं आले व्हते व्हय," त्या म्हणाल्या.

मास्तर खिडकीजवळच्या पलंगावर होते. उजवा हात मेल्यासारखा, तोंड एका बाजूला ओढलेलं. चतुराबाईंना पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. चतुराबाईंनी त्यांचं डोकं छातीशी धरलं.

हिंदी बोलणारी दुभाषी बाई होती. तिनं डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. मेंदूत रक्ताची गुठळी झाली, ती गुरुवारी कधीतरी. त्यानंतर पूर्ण रात्र माणूस उघड्यावर होता. आदल्या रात्री मिळाला असता तर कदाचित झालंच नसतं. आता एकच शब्द येतो तोंडातून, कशालाही तोच. पण कळतं सगळं.

दुसऱ्या दिवशी तिथला पोलीस अधिकारी आला. पूर्वीनं मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावून विनयाला सगळं दाखवत ठेवलं होतं. इंदापुरात तिच्याजवळ रविंद्र बसला होता. अधिकाऱ्याला मास्तरांचा जबाब हवा होता.

"तुमचं नाव बाजीराव अहिवळे?" दुभाषीनं विचारलं.

"न्हाय," मास्तर म्हणाले.

"तुम्ही स्वतःहून गटापासून दूर गेलात?"

"न्हाय."

"तुम्हाला मुद्दाम सोडून गेले?"

"न्हाय." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चुकीचा शब्द येतोय हे त्यांना कळत होतं आणि दुसरा येत नव्हता.

अधिकाऱ्यानं वही मिटली. असा जबाब चालत नाही, म्हणाला.

"थांबा सायेब," चतुराबाई म्हणाल्या. त्यांनी मास्तरांचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि अधिकाऱ्याला दिसेल असा वर धरला. "मास्तर, तोंडानं बोलू नगा. व्हय आसंल तर माजा हात दाबा. न्हाय आसंल तर काय करू नगा. कळलं?"

हात दाबला गेला. बोटं आवळलेली सगळ्यांना दिसली. पूर्वी प्रत्येक प्रश्न दुभाषीला हिंदीत सांगू लागली.

"माजं नाव सखूबाई का?"

हात हलला नाही.

"माजं नाव चतुरा?"

हात दाबला गेला. अधिकाऱ्यानं वही पुन्हा उघडली.

"तुमी वर आला तवर गाड्या गेल्या व्हत्या?"

व्हय.

"मग काय केलं? गावात कुनाकडं गेला?"

हात स्वस्थ.

"गावाभायेर, गाड्या जितनं गेल्या तितंच बसून ऱ्हायला? येतील म्हनून?"

मास्तरांनी हात इतका जोरात दाबला की चतुराबाईंचा चेहरा वेडावाकडा झाला. मोबाईलमधून विनयाचा आवाज आला, अगदी हळू. "काकी, रात्रीचं विचारा. पुष्कर म्हणतो, तो त्याच रात्री परत गेला होता. हाका मारल्या म्हणतो."

चतुराबाईंनी मास्तरांच्या तोंडावरून हात फिरवला.

"सगळी रात रस्त्यावरच व्हता? जागं?"

व्हय.

"कुनी आलं व्हतं? हाक मारली? गाडी आली व्हती का मास्तर, तुमाला न्यायला?"

हात हलला नाही. खोलीत सगळे त्या हाताकडं बघत होते. मास्तरांनी मान वळवली, बायकोच्या डोळ्यांत पाहिलं आणि ओठ कष्टानं जुळवले.

"न्हाय," ते म्हणाले.

या वेळी शब्द बरोबर होता.

चतुराबाईंनी डोळे पुसले नाहीत. अधिकाऱ्याकडं वळून त्या मराठीतच म्हणाल्या, "लिवा."